संगणक जुना झाला म्हणजे निकामी झाला काय?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय तसा लहानसा आहे. घरातील किंवा शाळेतील छोटा डेस्कटॉप संगणक मंद झाला असता, त्याला बाहेरून एक डिस्क जोडून तिच्यावरून तो कसा सुरू करावा, एवढेच मला सांगायचे आहे. परंतु या लहान विषयाच्या पोटात आपल्या घरखर्चाचा आणि मुलांच्या शिक्षणाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, म्हणून आपण तो लक्ष देऊन ऐकावा अशी माझी विनंती आहे.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक विचारू लागतात, "मुलीला पुढे शिकवायचे आहे, कोणता संगणक घ्यावा?" मी त्यांना उलट विचारतो, "घरात सध्या काय आहे?" तेव्हा बहुतेक वेळा उत्तर मिळते, "आहे एक, पण तो आता चालत नाही. चालू करावा आणि चहा करून यावा, तरी तो तयार झालेला नसतो." कोणाचे मामू आखाती देशात नोकरीला होते, त्यांनी परत येताना मॅक मिनी आणलेला असतो. कोणी एखाद्या कचेरीने काढून टाकलेला लहान संगणक स्वस्तात घेतलेला असतो. ते यंत्र कपड्याखाली झाकून ठेवलेले असते, आणि नव्यासाठी कर्ज काढण्याची भाषा चाललेली असते. कित्येक घरांत मग असेही होते की, पैसे एकाच नव्या संगणकापुरते असतात, तो थोरल्या मुलाला मिळतो आणि धाकट्या मुलीला भावाचे काम संपेपर्यंत थांबावे लागते. म्हणून नवे घेण्यापूर्वी जुन्याला नेमके काय झाले आहे, हे पाहणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.

संगणक सुरू होतो म्हणजे काय होते?

विद्यार्थी मित्रांनो, संगणक सुरू करण्याला इंग्रजीत 'बूट' करणे म्हणतात. बुटाच्या मागे तो ओढून घालण्यासाठी जो पट्टा असतो, त्या 'बूटस्ट्रॅप' शब्दाचे हे लघुरूप होय. आपल्याच बुटाचा पट्टा धरून स्वतःला उचलणे अशक्य आहे, आणि संगणकापुढेही तोच पेच असतो. काम करण्यासाठी त्याला कार्यप्रणाली लागते, आणि ती कार्यप्रणाली तर डिस्कवर पडून असते. मग ती आणायची कोणी?

शाळेचे उदाहरण घ्या. सकाळी सर्वांत आधी शिपाई येतो. त्याला गणित शिकवता येत नाही, इतिहासही येत नाही, परंतु कोणते कुलूप उघडायचे हे त्याला ठाऊक असते. तो दार उघडतो, मुख्याध्यापक येतात, मग शिक्षक आणि शेवटी विद्यार्थी येतात. संगणकाच्या मुख्य पट्टीवर असाच एक लहान कार्यक्रम कायमचा बसवलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. वीज मिळताच तो जागा होतो, जोडलेल्या डिस्का तपासतो आणि नेमून दिलेल्या डिस्कवरील पहिला कार्यक्रम उचलतो. तो कार्यक्रम पुढे संपूर्ण कार्यप्रणालीला स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, आणतो.

आता यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, ती डिस्क यंत्राच्या पोटातच असली पाहिजे असा नियम नाही. शिपायाला "आजपासून मागचे दार उघडत जा" असे सांगितले की तो मागचे दार उघडतो. यूएसबीच्या तारेने बाहेर जोडलेली डिस्कही फर्मवेअरला दिसते, आणि तीच वापर असे आपण त्याला सांगू शकतो. आजच्या विषयाचे सारे बीज एवढेच आहे.

मंदपणाचे मूळ

पूर्वीच्या संगणकांत फिरती हार्ड डिस्क असे आणि अजूनही लाखो यंत्रांत ती आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची होती. त्यानंतर ही डिस्क तळहातावर मावेल एवढी झाली, परंतु तबकडी फिरायची आणि वाचणारा दांडा पुढेमागे सरकायचा ही मूळ रीत बदलली नाही.

दहावीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. छोट्या संगणकातील साधी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती दांड्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी दांडा योग्य जागी सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेली माहिती आणण्याच्या सेकंदाला साठेक खेपाच होऊ शकतात. संगणक सुरू होताना मात्र त्याला हजारो लहान लहान फाइली आणाव्या लागतात. प्रोसेसर कितीही चलाख असला तरी तो हात बांधून बसलेला असतो, कारण माल आणणारा हमाल एकच आहे आणि तोही सावकाश चालणारा.

याउलट एसएसडी नावाच्या डिस्कमध्ये फिरणारा किंवा सरकणारा एकही भाग नसतो. माहिती विजेच्या रूपाने चिपमध्ये साठवलेली असते आणि मिलिसेकंदाच्याही लहान अंशात ती हाती येते. सेकंदाला साठ खेपांच्या जागी हजारो खेपा होऊ लागतात. यंत्र तेच, प्रोसेसर तोच, स्मृतीही तेवढीच. पण जे यंत्र हाताळण्याजोगे व्हायला कित्येक मिनिटे घेत होते, ते पुष्कळदा एका मिनिटाच्या आत तयार होते.

मॅक मिनीचे उदाहरण

आपल्याकडे पुष्कळ घरांत दिसणारा, २०१४ च्या ऑक्टोबरात आलेला अ‍ॅपलचा मॅक मिनी आपण नमुना म्हणून घेऊ. सुमारे १९.७ सेंटिमीटर बाजूची ही चौकोनी पेटी जेमतेम ३.६ सेंटिमीटर उंच आहे. तिच्या सर्वांत स्वस्त प्रकारात ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क होती. रॅम मुख्य पट्टीवरच डाखलेली असल्यामुळे ती वाढवता येत नाही. आतली डिस्क बदलता येते. परंतु त्यासाठी विशेष आकाराचे स्क्रू काढावे लागतात, बारीक जोडण्या सोडवाव्या लागतात, आणि सवय नसलेल्या हातून काही तुटण्याचा संभव असतो. मात्र याच यंत्राच्या पाठीमागे चार यूएसबी ३ पोर्ट आहेत. म्हणून पेटी न उघडता बाहेरून एसएसडी जोडणे हा येथे शहाणपणाचा मार्ग होय.

ओघात एक बाब सांगतो. आखाती देशांतून आणलेल्या यंत्राचा प्लग चौकोनी पिनांचा असतो आणि तो आपल्या भिंतीत बसत नाही, म्हणून काही जण यंत्र बाजूला ठेवतात. मॅक मिनी १०० ते २४० व्होल्टवर चालतो आणि त्याची वीजतार सुटी निघते. बाजारात मिळणारी आपल्या पिनांची तशीच तार आणली की काम भागते.

आता कृती क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आजार ओळखा. मॅकमधील 'अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर' उघडून स्मृतीवरचा ताण पाहा. एकच काम उघडे असतानाही यंत्र अडखळत असेल आणि स्मृतीवर ताण दिसत नसेल, तर दोष बहुधा डिस्कचा आहे. स्मृतीच अपुरी पडत असेल, तर एसएसडीने आराम पडेल, पण संपूर्ण इलाज होणार नाही.

दुसरी गोष्ट, काहीही करण्यापूर्वी घरातील फोटो, दाखले, गुणपत्रिका आणि अभ्यासाच्या फाइली यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवा. ही पायरी गाळून पुढे कधीही जाऊ नका.

तिसरी गोष्ट म्हणजे खरेदी. एसएसडी आणि तिला बसवण्याचे यूएसबी ३ चे घर, किंवा दोन्ही एकत्र असलेली तयार बाहेरची एसएसडी घ्यावी. यूएसबी २ च्या जुन्या तारेने किंवा घराने जोडल्यास सेकंदाला तीस-चाळीस एमबीच्या पुढे वेग जात नाही आणि सारा खटाटोप फुकट जातो. यूएसबी ३ वर तोच वेग चारशेच्या आसपास पोहोचतो. २५० किंवा ५०० जीबीची डिस्क शाळकरी कामाला पुरे. या वस्तूंचे दर सारखे वर-खाली होतात, म्हणून खरेदीच्या दिवशी दोन-तीन दुकानांत विचारावे. नव्या संगणकाच्या मानाने हा खर्च थोडाच असतो. आणखी एक, बाहेरची म्हणून फिरती हार्ड डिस्क मात्र घेऊ नये. तिच्यावरूनही यंत्र सुरू होईल, पण मूळचा मंदपणा जसाच्या तसा राहील.

चौथी गोष्ट, डिस्क तयार करणे. 'डिस्क युटिलिटी' मध्ये सर्व उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा, बाहेरची डिस्क मुळापासून निवडून ती पुसावी, आणि एपीएफएस हा प्रकार व 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' ही मांडणी ठरवावी. ही मांडणी चुकली तर पुढे प्रणाली त्या डिस्कवर बसायला नकार देते. येथे आतली डिस्क पुसली जाणार नाही, याची नाव आणि आकार दोनदा वाचून खात्री करावी.

पाचवी गोष्ट, प्रणाली बसवणे. या यंत्रावर चालणारी अ‍ॅपलची शेवटची प्रणाली म्हणजे २०२१ साली आलेली मॉन्टेरे. तिचा इन्स्टॉलर अ‍ॅपलकडून विनामूल्य उतरवून घेता येतो. कोणत्या डिस्कवर बसवायचे असे विचारले की बाहेरची डिस्क दाखवावी.

सहावी गोष्ट, यंत्र पुन्हा सुरू करताना कळफलकावरील 'ऑप्शन' कळ दाबून धरावी. पडद्यावर दोन्ही डिस्कांची चित्रे दिसतील, त्यांतील बाहेरची निवडावी. सर्व ठीक चालले की सेटिंगमधील 'स्टार्टअप डिस्क' मध्ये तीच कायमची ठरवून द्यावी. जुन्या फाइली 'मायग्रेशन असिस्टंट' च्या साहाय्याने आणता येतात.

मॉन्टेरेला अ‍ॅपलने २०२४ नंतर सुरक्षेची दुरुस्ती दिलेली नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. तेव्हा अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. ज्यांना रोज इंटरनेट वापरायचे आहे त्यांनी बाहेरच्या डिस्कवर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली बसवावी; तिला नियमित दुरुस्ती मिळत असते. मात्र लिनक्स बसवताना प्रारंभीचा कार्यक्रम, म्हणजे बूट लोडर, कधी कधी बाहेरच्या डिस्कऐवजी आतल्या डिस्कवर जाऊन बसतो. म्हणून पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी असावा. वायफायचा ड्रायव्हरही वेगळा घालावा लागतो, तेव्हा इंटरनेटची केबल जवळ ठेवावी.

इतर यंत्रांबद्दल थोडेसे

सर्वच यंत्रांना एकच औषध लागू पडत नाही. २०१८ च्या मॅक मिनीत टी२ नावाची सुरक्षा चिप आहे, तिच्यामुळे बाहेरून सुरू करण्याला मुळात बंदी असते. 'रिकव्हरी' मध्ये जाऊन आधी परवानगी द्यावी लागते. २०२० पासून आलेल्या एम मालिकेच्या यंत्रांत चालू करण्याचे बटन दाबून धरले की डिस्क निवडता येते. परंतु सुरुवातीची पहिली पायरी आतल्या साठवणीवरूनच होते. म्हणजे आतली साठवण मेली, तर बाहेरची डिस्क ते यंत्र जिवंत करू शकत नाही. शिवाय या यंत्रांतील आतली साठवण मुळातच वेगवान असल्यामुळे बाहेरच्या डिस्कने वेग वाढत नाही. ज्यांनी २०२४ चा १२.७ सेंटिमीटर बाजूचा मॅक मिनी घेतला आहे आणि ज्यांना २५६ जीबी कमी पडतात, त्यांनी प्रणाली आतच ठेवून जड फाइली तेवढ्या बाहेर ठेवाव्यात, हे सोयीचे. बाहेर प्रणाली बसवायचीच असेल तर मागील तीन थंडरबोल्ट पोर्टांपैकी मधला टाळावा; तो दुरुस्तीसाठी राखलेला असून त्याच्यावर जोडलेल्या डिस्कवर प्रणाली बसवण्यात अडथळा येतो.

कचेऱ्यांतून निघालेल्या विंडोजच्या लहान संगणकांचे काय? विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि जुने प्रोसेसर असलेली पुष्कळ यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. बाहेरच्या डिस्कवरून विंडोज चालवण्याची मायक्रोसॉफ्टची 'विंडोज टू गो' ही सोयही २०२० साली काढून टाकण्यात आली. म्हणून तेथे दोन मार्ग उरतात. बाहेरच्या एसएसडीवर लिनक्स बसवणे हा एक. डेल आणि लेनोवोच्या यंत्रांत सुरू करताना एफ१२, तर एचपीच्या यंत्रांत एफ९ कळ दाबली की डिस्क निवडण्याची यादी येते. दुसरा मार्ग म्हणजे एसएसडी आतच बसवणे. या यंत्रांचे झाकण सहसा सहज उघडते, त्यामुळे येथे तोच मार्ग अधिक टिकाऊ.

काही सावधगिरीच्या सूचना

बाहेरच्या डिस्कवरून चालणाऱ्या यंत्राची तार मध्येच ओढली गेली, तर चालत्या माणसाच्या पायाखालची जमीन काढल्यासारखे होते. यंत्र तत्काळ अडकते आणि फाइली बिघडण्याचा संभव असतो. म्हणून तार आखूड असावी, डिस्क टेबलाच्या मागे पट्टीने बसवावी, आणि घरात लहान मुले असतील तर तिथवर त्यांचा हात पोहोचू नये. जेथे वीज वारंवार जाते, तेथे लहानसा यूपीएस जरूर ठेवावा.

दुसरे असे की, पुष्कळ लोक बाहेरची डिस्क म्हणजेच राखीव प्रत समजतात. हा समज धोक्याचा आहे. जिच्यावरून यंत्र चालते तीच आपली मूळ डिस्क होय. ती गेली की तिच्यावरचे सर्व गेले. मात्र येथे एक चांगला योग जुळून येतो. आतली जुनी हार्ड डिस्क मंद असली तरी धडधाकट असेल, तर तिला पुसून 'टाइम मशीन' च्या राखीव प्रतीसाठी वापरता येते. अर्थात नव्या डिस्कवर सर्व फाइली नीट आल्याची खात्री झाल्यावरच ती पुसावी. धावण्याचे काम जिला झेपत नाही, तिला साठवणीचे काम झेपते. शाळेचे दाखले आणि महत्त्वाची कागदपत्रे यांची तिसरी प्रत घराबाहेर, एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे असावी.

तिसरे, खिशात मावणारी डिस्क चोरालाही सोपी असते. तिच्यात साऱ्या घराची माहिती असते, म्हणून ती कूटबद्ध करावी. मॅकमध्ये 'फाइलव्हॉल्ट' ने हे होते. त्याचा परवलीचा शब्द अम्मी-अब्बांपैकी एकाला तरी ठाऊक असावा. आणि जी यंत्रे खरोखरच संपली आहेत, ती भंगारवाल्याच्या गोणीत न टाकता त्यांतील माहिती पुसून अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावीत.

हा खटाटोप कशासाठी?

शेवटी मूळ प्रश्नाकडे येतो. असे दुरुस्त केलेले ४ जीबीचे यंत्र चित्रपट संपादनाला किंवा मोठ्या खेळांना चालणार नाही, आणि मी तसे आश्वासन देत नाही. परंतु मराठी आणि उर्दू या दोन्ही लिपींत टंकलेखन करणे, प्रकल्पवही तयार करणे, बालभारतीची पुस्तके पडद्यावर वाचणे, 'स्वयम्' वरील व्याख्याने ऐकणे आणि प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे गिरवणे, एवढे ते उत्तम करते. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्याची गरज बहुतांशी एवढीच असते. घरात नव्या यंत्रापुरते पैसे असतील आणि जुने यंत्रही असे उभे राहिले, तर दोन भावंडांना दोन यंत्रे मिळतात आणि मुलीला रात्री अकरापर्यंत वाट पाहावी लागत नाही. वाचलेल्या रकमेतून एखाद्या परीक्षेची फी जाते, एखादा संदर्भग्रंथ येतो.

दुसरा लाभ माझ्या दृष्टीने मोठा आहे. दुकानातून नवे यंत्र आणणारा मुलगा फक्त बटन दाबायला शिकतो. ज्याने स्वतःच्या हाताने डिस्क तयार केली, प्रणाली बसवली, यंत्र सुरू झाले नाही म्हणून कारण शोधले आणि पुन्हा प्रयत्न केला, त्याला फर्मवेअर, स्मृती आणि डिस्क हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. संगणकशास्त्राचा पाया त्याच्या हातातून जातो.

म्हणून संस्थेपुढे माझी एक नम्र सूचना आहे. महिन्यातील एका शनिवारी शाळेच्या प्रयोगशाळेत एक टेबल या कामासाठी राखून ठेवावे. पालकांनी घरची पडून असलेली यंत्रे आणावीत, जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखाली नववी-अकरावीच्या मुलामुलींनी ती तपासावीत, आणि दुरुस्त होणारी व न होणारी अशी यादी करावी. डिस्कचा खर्च ज्यांना झेपतो त्यांनी तो करावा. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी संस्थेच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून तरतूद व्हावी. पहिल्या शनिवारी दोनच यंत्रे उभी राहिली तरी दोन घरांचा प्रश्न सुटेल.

पालकांनो, घरी गेल्यावर कपाटावरचे ते झाकलेले यंत्र खाली काढा, त्यावरची धूळ पुसा आणि त्याच्या मागील बाजूस कोणते पोर्ट आहेत ते मुलांना वाचायला सांगा. बाकीचे आपण टेबलावर बसून पाहू.